चार नंबरच्या मशीनवरचं नाव

आजच्या या समारंभाचं अध्यक्षपद ज्यांनी मोठ्या मनानं स्वीकारलं ते आपल्या संस्थेचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय आप्पासाहेब, आपले प्राचार्य आदरणीय काकासाहेब, व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर, माझे प्राध्यापक आणि शिक्षकेतर सहकारी, गावोगावहून आलेले पालक, विद्यार्थी-विद्यार्थिनी, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, गणित विभागाच्या आणि संगणक कक्षाच्या प्रमुख श्रीमती जयमाला पगारे मॅडम.

मी ग्रंथपाल. माझ्या खोलीत बोलायला मनाई असते, आणि ती मनाई गेली एकोणीस वर्षं मीच करत आलोय. त्यामुळे माईकसमोर उभं राहिल्यावर माझी जी अवस्था झाली आहे ती आपण समजून घ्याल. काकासाहेबांनी सांगितलं होतं, "राधाकृष्ण, पाच मिनिटं बोला. मॅडमच्या कार्याचा आढावा घ्या." आढावा माझ्या आधीच्या तिघांनी घेतला. अठ्ठावीस वर्षांची सेवा झाली, शेकडो विद्यार्थी घडले, सारं सांगून झालं. मग मी काय सांगावं? मी एकच गोष्ट सांगणार आहे. ती या वर्षी जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत, याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर घडली. तिच्याबद्दल श्रीरामपुरात बरंच काही बोललं गेलं, आणि त्यातलं बहुतेक चुकीचं आहे. ज्यांची नावं येतील त्यांना मी आधी विचारलंय. त्यांच्यातली तिघं या सभागृहात बसलेली आहेत.

सुरुवातीला थोडं संगणकाबद्दल बोलावं लागेल. कंटाळू नका. १९९३ साली संस्थेनं सहा मशीन घेतली तेव्हा ती ताब्यात घ्यायला कोणी तयार नव्हतं. भौतिकशास्त्रवाले म्हणाले, आमचं नाही. वाणिज्यवाले म्हणाले, आमचं नाही. मॅडम तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, "द्या इकडं. बिघडली तर शिकीन, नाही बिघडली तरी शिकीन." आणि शिकल्या. दोन वर्षांपूर्वी फोनची लाईन आली, मोडेम आला. तो जोडला जाताना जी किंचाळी मारतो ती खाली माझ्या वाचनालयात ऐकू यायची आणि वर्तमानपत्र वाचणारे निवृत्त गुरुजी दचकून वर बघायचे.

यंदा जूनमध्ये पुण्याच्या एका संगणक मासिकाबरोबर एक सीडी आली. इंटरनेटची पानं ज्यातून बघतात तो ब्राउझर, त्याची नवी आवृत्ती. एकवीस जून, सोमवार. मॅडमनी दिवसभर बसून ती सहाही मशीनवर चढवली आणि फळ्यावर खडूनं लिहिलं: आतलं इंजिन बदललं आहे, वरची खिडकी तीच आहे, गोंधळू नये.

अर्थातच सगळे गोंधळले. मराठी पानं उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन दिसायला लागले. मधेच पडदा थिजायचा आणि इंग्रजीत सूचना यायची की या प्रोग्रामने बेकायदा कृत्य केले असून तो बंद करण्यात येत आहे. आमच्या कार्यालयातल्या एका भगिनीनं ती सूचना वाचली आणि हात वर करून उभ्याच राहिल्या. "मॅडम, मी काहीच केलं नाही हो!"

पण दोन गोष्टी खरोखर नव्या होत्या. पहिली म्हणजे, एकदा उघडलेलं पान तो ब्राउझर स्वतःच्या पोटात ठेवून घ्यायचा आणि फोनची लाईन बंद असली तरी पुन्हा दाखवायचा. आणि दुसरी: एखाद्या फॉर्मच्या रकान्यात तुम्ही काही लिहिलंत, बटण दाबलंत, की ते तो लक्षात ठेवायचा. पुढच्या वेळी त्याच रकान्यात नुसतं पहिलं अक्षर दाबा, त्या अक्षरानं सुरू होणारं आधी जे जे लिहिलं गेलंय त्याची यादी खाली उघडायची. घरी एकट्याचं मशीन असेल तर ही मोठी सोय. पण आपल्याकडे एका मशीनवर दिवसाला वीस माणसं! एकानं लिहिलेलं दुसऱ्याला दिसायला लागलं. आपले एक प्राध्यापक, नाव घेत नाही, ते दुसऱ्या रांगेत बसलेत, त्यांनी टकलावरचा उपाय शोधला होता. तो आठवडाभर सगळ्या महाविद्यालयाला दिसत होता.

हसा, हसा. मीही हसलो होतो. बारा जुलैपर्यंत हसत होतो.

बारा जुलै, सोमवार, सकाळचे साडेअकरा. मुंबईच्या एका प्रकाशकाला ई-मेल करायचा म्हणून मी संगणक कक्षात गेलो आणि खिडकीजवळच्या चार नंबरवर बसलो. फुकट ई-मेल देणाऱ्या एका ठिकाणी आधी फॉर्म भरावा लागतो. नावाचा रकाना आला. माझं आडनाव आव्हाड. ते आधी लिहायचं म्हणून इंग्रजी ए दाबला. खाली यादी उघडली. यादीत एकच ओळ होती.

अश्विनी कारभारी भणगे.

मंडळी, माझे हात कळफलकावरून आपोआप खाली आले. कारण अश्विनी भणगे मे महिन्यात गेली होती.

अश्विनी कोल्हारची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, गणितात मॅडमची लाडकी. परीक्षा संपल्यावर प्रवरेच्या काठावर तिच्या चपला आणि पिशवी सापडली. धरणातून आवर्तन सुटलेलं होतं, नदी दुथडी भरली होती. चार दिवस पट्टीच्या पोहणाऱ्यांनी शोधलं. काही सापडलं नाही. घरच्यांनी दिवस घातले.

जूनमध्ये महाविद्यालय उघडलं त्याच आठवड्यात तिचे वडील कारभारी माझ्या टेबलाशी आले होते. धोतर, टोपी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. म्हणाले, "पोरीचं पुस्तक राह्यलं हुतं सायब. द्यायला आलो." मी पुस्तक घेतलं. ते जाईनात. मी बसायला सांगितलं तर उभ्यानंच म्हणाले, "लगीन ठरवलं हुतं तिचं. ती न्हाई म्हनत हुती. मी रागात बोल्लो, एक तर मांडव, न्हाई तर नदी. बोल्लो सायब मी." एवढं सांगून ते गेले. त्या दुपारी मी अश्विनीच्या वाचनालयाच्या कार्डावर माझ्या हातानं 'मयत' असं लिहिलं.

आणि आता तिचं नाव माझ्यासमोर पडद्यावर होतं.

मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या, चष्मा लावला, पाहिलं. मी म्हटलं, "मागच्या वर्षीचं राहून गेलं असेल." त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "राधाकृष्ण, ही यादी ठेवायची सोयच एकवीस जूनला आली. जुन्या आवृत्तीला हे येतच नव्हतं. अश्विनी बारा मेला गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे हे नाव एकवीस जूननंतर कोणीतरी लिहिलंय."

कोणी खोड्या केल्या असतील, अशी मी मनाची समजूत घातली. मॅडमनी ती यादी पुसली. सहाही मशीनवरची पुसली. आठवडाभर त्यांनी चार नंबरवर बसणाऱ्या प्रत्येकाकडे लक्ष ठेवलं. शनिवारी कक्ष बंद करताना मला बोलावून दाखवलं: ए दाबला, यादीत चौथ्या बाकावरच्या एका अमोलची ओळ, बाकी काही नाही. कुलूप लावलं. सोमवारी सकाळी कुलूप काढलं. मी बरोबर होतो. ए दाबला.

अश्विनी कारभारी भणगे.

बाहेर लख्ख ऊन होतं. खाली मैदानात मुलं व्हॉलीबॉल खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. आणि माझ्या मानेवर काटा उभा राहिला होता. भुताची गोष्ट अंधारात ऐकली तर माणूस दिवा लावून सुटका करून घेतो. भर उजेडात काय लावायचं?

कक्षाचा शिपाई भीमा. तुम्ही सगळे त्याला ओळखता. मॅडमनी त्याला विचारलं, "भीमा, रविवारी कोणी येतं का इथं?"

"न्हाई म्याडम. मीच झाडून जातो." मग जरा थांबून म्हणाला, "पन एक सांगू का? परवाच्या रविवारी मी दार उघाडलं तर त्यो पंखा फिरत हुता. बटन बंद. आन पंखा फिरतोय."

दुसऱ्या दिवशी चार नंबरला लिंबू-मिरची बांधलेली. भीमानंच बांधली होती. मॅडमनी ती स्वतःच्या हातानं सोडली. "मशीनला दृष्ट लागत नाही भीमा. फार तर व्हायरस लागतो." दोन दिवसांनी पुन्हा बांधलेली! पण गोष्ट व्हायची ती झाली होती. पंख्याची बातमी कँटीनपर्यंत गेली, कँटीनमधून एसटीत, एसटीतून गावोगाव. मुली चार नंबरच्या बाजूनं जाईनात. पाच नंबरवालाही खुर्ची लांब ओढून बसायचा. ते मशीन खिडकीशी एकटं पडलं.

पुढचा सोमवार, सव्वीस जुलै. पुसलेलं नाव पुन्हा होतं. मी मॅडमना म्हणालो, संस्थेला कळवूया, मशीन विकून टाकूया. माणूस घाबरला की असंच काहीतरी बोलतो. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मशीनला आठवण नसते राधाकृष्ण. बोटानं दाबलेलं तेवढं ते ठेवतं. बोट आहे कुठंतरी." आणि त्यांनी त्याच नावाच्या रकान्यात, इंग्रजी अक्षरांत, मराठी ओळ लिहिली: "अश्विनी, आहेस का?" बटण दाबलं.

माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही की त्या काय करताहेत. जी कोणी पुन्हा ए दाबेल तिला आता स्वतःच्या नावाखाली ही ओळ दिसणार होती. मॅडमनी त्या रकान्याची टपालपेटी केली होती. अट एकच होती. निरोप ए या अक्षरानं सुरू झाला पाहिजे, नाहीतर यादीत दिसणार नाही.

आठवडा गेला. मी रोज सकाळी, वाचनालय उघडायच्या आधी, जिना चढून वर जायचो. मॅडम ए दाबायच्या. दोनच ओळी. सोमवार, दोन ऑगस्ट. मॅडमनी ए दाबला. तीन ओळी होत्या. नवी ओळ एका शब्दाची.

"आहे."

अध्यक्ष महाराज, मी सत्यशोधनाच्या गप्पा मारणारा माणूस. मी त्या क्षणी खोलीतून बाहेर आलो आणि जिन्यात बसलो. आत मॅडमच्या बोटांचा आवाज येत होता. त्या उत्तर लिहीत होत्या. "आईला सांगू का?"

नऊ ऑगस्टला ओळ आली, "आईला माहीत आहे. अण्णांना नको."

अण्णा म्हणजे तिचे वडील, कारभारी. मला ते वाचून अधिकच भीती वाटली. मेलेली मुलगी आईला भेटत असेल असंच माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू? मॅडमनी लिहिलं, "अण्णांना का नको?" सोळा तारखेला उत्तर आलं.

"अण्णांनी नदी म्हटलं. म्हणून गेले."

आता यात आणखी एक माणूस येतो. अफवा कोल्हारला पोचली होती. एकोणीस ऑगस्टला, गुरुवारी, दुपारी साडेबाराला कारभारी भणगे कक्षाच्या दारात उभे. कोणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी चपला बाहेर काढल्या. आत आले. चेहरा इतका उतरलेला की जूनमध्ये पाहिलेला माणूस हाच का, असा मला प्रश्न पडला.

"बाई," ते मॅडमना म्हणाले, "माझ्या पोरीचं नाव उमटतं म्हनं हितं. दाखवा मला."

मॅडम उठल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "कारभारी, आधी मला सांगा. दाखवलं तर तुम्ही काय कराल?"

कारभारी म्हणाले, "काय करनार बाई? दहाव्याला कावळा शिवला न्हाई. दोन तास बसलो नदीवर. भाताला एक कावळा आला न्हाई. शेवटी दर्भाचा करून शिववला. सगळी म्हनली, इच्छा राह्यली पोरीची. मी म्हनलो, इच्छा न्हाई, राग राह्यला. तवापासून घास उतरत न्हाई. तिचा राग काय हाय त्यो मला वाचून दाखवा. मंग मी जातो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांना नको, असं त्या मुलीनं लिहिलं होतं. आणि अण्णा समोर उभे होते. मला कोणी त्या वेळी निर्णय द्यायला सांगितला असता तर मी पुस्तकात तोंड घातलं असतं. मॅडमनी त्यांना चार नंबरसमोर बसवलं आणि ए दाबला.

कारभारी चौथी शिकलेले, पण इंग्रजी अक्षर येत नाही. ते नुसते पडद्याकडे पाहत होते. मॅडम एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. नाव वाचलं. आहे, वाचलं. आईला माहीत आहे, वाचलं तेव्हा कारभारींनी डोळे मिटले. शेवटच्या ओळीशी मॅडम थांबल्या.

"वाचा बाई."

"कारभारी..."

"वाचा."

मॅडमनी वाचलं. "अण्णांनी नदी म्हटलं. म्हणून गेले."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. कारभारींनी उजवा तळहात उचलला आणि पडद्याच्या काचेवर ठेवला. मशीन सकाळपासून चालू होतं. ते म्हणाले, "ऊन हाय." मग पुन्हा, स्वतःशीच, "ऊन हाय." हात बराच वेळ तसाच होता.

मग म्हणाले, "माझं लिवता येतं का ह्यात?"

"येतं. पण अ-नं सुरू झालं पाहिजे. तर तिला दिसेल."

"अ-नं?" ते विचार करत बसले. मॅडम कळफलकावर हात ठेवून वाट पाहत होत्या. "लिवा. अण्णा चुकला."

मॅडमनी लिहिलं.

"आजून एक बसंल का?"

"बसेल."

"आता लगीन न्हाई. यायचं तर ये, न्हाई तर तिथंच शिक." जरा थांबून म्हणाले, "तिथं म्हंजी कुठं, ते मला ठावं न्हाई. तसंच ऱ्हाऊ द्या."

पाठीमागे दाराशी भीमा झाडू धरून उभा होता. तो केव्हा आत आला ते कळलं नाही. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला वाटलं, भाबडा माणूस आहे.

रविवार गेला. सोमवार, तेवीस ऑगस्ट. सव्वादहाला मी वर गेलो. मॅडम माझ्या आधी आल्या होत्या. त्यांनी ए दाबला.

यादी उघडलीच नाही. नाव नाही, ओळी नाहीत, काही नाही. पुन्हा दाबला. नुसता पांढरा रकाना.

एकोणीस वर्षांत मी मॅडमना कधी खचलेलं पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "मी तिचं ऐकलं नाही. राधाकृष्ण, मी तिला घालवली." मी खिडकी उघडली, पाणी दिलं. खिडकीतून फाटक दिसतं. मी उगाच फाटकाकडे बघत राहिलो.

भीमा आत आला. आज त्याच्या हातात झाडू नव्हता. तो म्हणाला, "म्याडम, ते म्यां पुसलं. तिनं दाखवलं कसं पुसायचं ते. म्हनली, भीमाकाका, आता कामाचं न्हाई हे. आज सकाळच्या आठच्या यष्टीनं गेली. कोल्हारला."

आता इथे आप्पासाहेबांना आणि काकासाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे. यापुढचं ऐकताना आपण संस्थेचे पदाधिकारी आहात हे क्षणभर विसरावं, कारण यात संस्थेच्या किल्लीचा वापर नियमाबाहेर झालेला आहे.

भीमाही कोल्हारचाच. मे महिन्यात तो सुटीवर घरी होता. बारा तारखेला, टळटळीत दुपारी, नदीच्या वरच्या अंगाला त्यानं पाहिलं तर एक मुलगी कमरेइतक्या पाण्यात, त्याच्याकडे पाठ करून, नुसती उभी होती. त्यानं हाक मारली. तिनं मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "भीमाकाका, मी गेले म्हणून सांगा." आणि पुढे सरकली. भीमा कपड्यांनिशी आत शिरला. आवर्तनाच्या पाण्यात माणूस टिकत नाही, पण त्यानं तिला ओढून काठावर आणलं, खालच्या अंगाला, चपला-पिशवीपासून लांब. भीमाचे शब्द सांगतो. "म्याडम, पान्यातून काढली खरी, पन घरी न्यायची म्हंजी परत पान्यातच. लगीन चौदा दिसांवर हुतं." त्यानं तिला शेताशेतातून सडकेवर आणलं आणि श्रीरामपूरला आपल्या बहिणीकडे, झुंबरबाईंकडे ठेवलं. झुंबरबाई इथल्या एका दवाखान्यात आया आहेत. त्यांनी मुलीला दुसरं नाव दिलं, कामाला लावलं. दहाव्याच्या दिवशी भागिरथीबाईंचं, म्हणजे अश्विनीच्या आईचं रडणं भीमाला पाहवेना. त्यांच्या कानात त्यानं एवढंच सांगितलं, "वहिनी, पोर हाय." त्या माउलीनं नवऱ्याशेजारी बसून तीन महिने तोंडातून शब्द काढला नाही. भीती कोणाची? ज्यानं नदी म्हटलं होतं त्याचीच.

रविवारी कक्ष झाडताना भीमा तिला बरोबर आणायचा. फोनच्या लाईनला कुलूप असायचं, पण ब्राउझरच्या पोटात ठेवलेलं फॉर्मचं पान उघडायचं. ती त्यात नाव लिहायची, बटण दाबायची. ते कुठेच जात नव्हतं. मी तिला नंतर विचारलं, "बाळ, स्वतःचं नाव लपवून राहत होतीस. मग इथं का लिहायचीस?" ती म्हणाली, "सर, सगळे मला दुसऱ्याच नावानं हाका मारत होते. घरी माझे दिवस घातले होते. माझं नाव लिहायला दुसरी जागाच नव्हती."

आणि लिंबू-मिरची? फिरणारा पंखा? लिंबू भीमानं मुद्दाम बांधलं होतं आणि पंख्याची गोष्ट त्यानंच रचली होती. दुसऱ्या कुणी चार नंबरला बसू नये, तिचं नाव फार कुणाला दिसू नये म्हणून. बिचाऱ्याचा बेत नेमका उलटा झाला. अफवेनंच कारभारींना इथवर आणलं.

मी मॅडमना विचारलं, "तुम्हाला संशय आला नाही भीमाचा?" त्या म्हणाल्या, "दुसऱ्या सोमवारीच आला. किल्ल्या दोनच आहेत. पण त्याला विचारलं असतं तर तो घाबरला असता, आणि तिला आणायचं बंद केलं असतं. तिला बोलायचं होतं राधाकृष्ण. नाहीतर कोणी पुसलेलं नाव पुन्हा पुन्हा लिहीत नाही." मला त्यांनी काही सांगितलं नाही. माझ्या पोटात बातमी राहत नाही हे त्यांना माहीत आहे. आज आपणही पाहताच आहात.

कोल्हारला काय झालं ते कारभारींनी मला सांगितलं. ते कांद्याच्या रोपाला पाणी देत होते. बांधावर कोणी उभं असल्यासारखं वाटलं. वर पाहिलं. ते पुढे गेले नाहीत. लांबूनच विचारलं, "खरी हायेस का?" अश्विनी म्हणाली, "हात लावून बघा." त्यांनी हात धोतराला पुसला, पण तो उचलेना. मग तीच खाली उतरली.

पुढचं साधं आहे. मॅडम तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या, ती जिवंत असल्याचा जबाब झाला. ठरलेलं लग्न मोडलं. पाहुण्यांनी बरंच बोलून घेतलं, ते कारभारींनी खाली मान घालून ऐकलं. अश्विनी आता आपल्या वसतिगृहात राहते, तिसऱ्या वर्षाला आहे. बापलेकींचं सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. ते दर शनिवारी डबा घेऊन येतात. दोघं फाटकाजवळच्या बाकावर बसतात. कधी बोलतात, कधी नाही.

गोष्ट इथे संपवून मी खाली बसलो असतो. मॅडमना शाल द्यायची आहे, अल्पोपाहार थंड होतो आहे. पण आज दुपारी मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "बोलणारच असाल तर बावीस तारखेचंही सांगा."

बावीस नोव्हेंबर. म्हणजे गेल्या आठवड्यातला सोमवार. मॅडम कक्षातलं आपलं सामान आवरत होत्या. जाता जाता, सवयीनं, त्यांनी चार नंबरवर तो फॉर्म उघडला आणि ए दाबला. ऑगस्टपासून तिथे मुलांची साधी नावं असायची. त्या नावांच्या मधे एक ओळ होती.

"आई, नदी किती खोल असते?"

त्यांनी अश्विनीला बोलावलं. अश्विनीनं वाचलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "मी नाही मॅडम. शपथ, मी नाही." भीमाला विचारलं. रविवारी आता तो कोणाला आणत नाही. आठवडाभरात त्या मशीनवर बसलेल्या मुलींची संख्या साठाच्या वर आहे. मॅडमनी वसतिगृहात चौकशी केली, वर्गावर्गात जाऊन बसल्या. कळलं नाही. ती कोण आहे हे आज या क्षणापर्यंत आम्हाला माहीत नाही.

मॅडमनी त्या ओळीखाली लिहिलंय, "अगं, आत ये. मी इथंच आहे." आठ दिवस झाले. उत्तर आलेलं नाही.

दोन हजार साल लागताच संगणकातल्या तारखा गडबडतील म्हणून डिसेंबरात मशीन पुसून नव्यानं भरायला माणूस येणार आहे. मॅडमनी काकासाहेबांकडे लेखी विनंती केली आहे की चार नंबरला हात लावू नये. काकासाहेबांनी ती मान्य केली. दुसरी विनंती, निवृत्तीनंतरही रोज अकरा ते दोन त्या खोलीत बसू द्यावं. तीही मान्य झाली. तेव्हा या निरोप समारंभात निरोप कोणी कोणाला द्यायचा, हा माझ्यापुढे प्रश्नच आहे.

ती मुलगी कदाचित या सभागृहातही असेल. पोरी, तू जी कोणी असशील, तुझी ओळ आम्ही पुसलेली नाही. खोली उद्या अकराला उघडेल. फॉर्म भरायची गरज नाही. दार ढकलून आत ये.

मॅडम, आपण गणित शिकवलंत, मशीन शिकवलंत, आणि भ्यायलेल्या माणसानं यादी पुसून मोकळं व्हायचं नसतं, तिला उत्तर लिहायचं असतं, हे मला म्हातारपणी शिकवलंत. आपल्याला निरोगी आयुष्य लाभो. अध्यक्ष महोदयांनी पाच मिनिटांची पंचवीस होऊ दिली, कारभारींनी आणि अश्विनीनं आपल्या घरातलं दुःख इथे उघडू दिलं, भीमानं आपला अपराध कबूल करायला संमती दिली, आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द वावगा गेला असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ग्रंथपालाला बोलायची सवय नाही असं समजून सोडून द्यावं. आणि जिची ओळ मी भर सभेत वाचून दाखवली, त्या मुलीचीही मी माफी मागतो. बाकी सगळ्यांची परवानगी मी घेतली होती. तिची तेवढी घेता आली नाही.